रात्री जागं कोण असतं?

आत्याच्या उशाशी भिंतीवर एक तक्ता सेलोटेपने चिकटवलेला होता. वर तिचं नाव आणि खाली दोन-दोन तासांचे चौकोन, सकाळी सहापासून पहाटे चारपर्यंत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, बदलली की चौकोनात खूण करून सही करायची, अशी ती पद्धत. मी गेले तेव्हा रविवारचे दुपारचे चार वाजले होते. तक्त्यावर अजून यायच्या असलेल्या त्या रात्रीचे दहाचे, बाराचे, दोनचे आणि पहाटे चारचेही चौकोन भरलेले होते. एकाच निळ्या पेनने, एकाच हाताने.

त्याच दिवशी तिला कुशीवर वळवताना माकडहाडावरची जखम मी पहिल्यांदा पाहिली. रुपयाच्या नाण्याएवढी, कडा काळपट, मधे ओलसर. "या वयात होतंच हो असं," असं तिथल्या व्यवस्थापक बाई म्हणाल्या. वयाने अशी जखम होत नाही. शरीराचा भार तासन्‌तास एकाच जागी राहिला, ओलं डायपर तसंच ठेवलं, पोटात पुरेसं अन्न-पाणी गेलं नाही, म्हणजे ती होते. एकदा हाडापर्यंत पोचली की भरायला महिने लागतात, आणि म्हातारपणी तेवढे महिने हातात नसतात. तिथे वजनकाटा मागितला तर शोधावा लागला. आत्या पाच महिन्यांपूर्वी आली तेव्हा 52 किलो होती, त्या दिवशी 44 भरली. मधल्या काळात तिचं वजन कोणीच केलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

ही जागा काही अंधारकोठडी नव्हती. पुण्याबाहेर, मोकळ्या हवेत, पुढे बाग, छोटं गणपतीचं देऊळ, संध्याकाळी भजन. महिन्याला 28 हजार आणि सुरुवातीला डिपॉझिट. निवडण्याआधी आम्ही भावंडं तीन ठिकाणं पाहून आलो होतो. स्वयंपाकघर पाहिलं, संडास पाहिले, जेवणात भाकरी मिळते का ते विचारलं, दिवाळीत कार्यक्रम असतात का तेही विचारलं. रात्री किती माणसं ड्यूटीवर असतात, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही.

का विचारलं नाही, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. माझ्यापुरतं उत्तर असं की मला लाज वाटत होती. आत्याला तिथे ठेवताना आपण काहीतरी चुकीचं करतोय ही बोच इतकी होती की दारातून लवकर बाहेर पडावं, एवढंच मनात होतं. आपल्या भाषेत वृद्धाश्रमासाठी क्रियापदच ठरलेलं आहे: आई-बापांना वृद्धाश्रमात 'टाकलं'. एक ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाला दरवर्षी तोच सूर लागतो, मुलं परदेशात, म्हातारी खिडकीशी, संस्कार कमी पडले. आपली सगळी चर्चा वृद्धाश्रमाच्या दारात थांबते. आत काय चालतं, तिथपर्यंत ती पोचतच नाही. आणि ज्याने 'टाकलं', त्याला नंतर आतल्या कारभाराबद्दल बोलायचा अधिकार आहे असं त्याला स्वतःलाही वाटत नाही. चालक मंडळी हे नेमकं ओळखून असतात. थोडी तक्रार केली की ठरलेलं वाक्य येतं, "पटत नसेल तर घेऊन जा." घेऊन जाण्यासारखं असतं तर माणूस आलाच नसता.

आत येणाऱ्यांची परिस्थिती कोणी नीट पाहत नाही. 88 वर्षांच्या आईची सून स्वतः 63 ची आहे आणि तिचे दोन्ही गुडघे गेलेत. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा रात्री तीनला दार उघडून रस्त्यावर जातात. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावरून डायलिसिसला न्यायचं तर आठवड्यातून तीनदा खुर्चीत बसवून उतरवावं लागतं. लग्न न केलेल्या, आयुष्यभर नोकरी केलेल्या बायका आहेत, ज्यांना 'टाकायला' कोणी नाहीच. 2011 च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढची माणसं 9.9 टक्के होती, दर दहांत जवळजवळ एक. 2036 पर्यंत देशातलं हे प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास जाईल असा सरकारचा अंदाज आहे. घरात माणसं कमी आणि आयुष्य लांब, अशा काळात कोणाच्या तरी मदतीने राहण्याची जागा ही साधी गरज झाली आहे, जशी शाळा किंवा दवाखाना. तिच्याकडे पाप म्हणून पाहणं थांबवलं तरच तिच्या दर्जाबद्दल बोलता येईल.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. या राज्यात मुलांचं अनाथालय चालवायचं असेल, तर 2015 च्या बाल न्याय अधिनियमाखाली नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी न करता चालवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. मुलं दुबळी असतात, बोलू शकत नाहीत, म्हणून हे केलं, आणि योग्यच केलं. अर्धांगाने वाचा गेलेली 82 वर्षांची बाई किती बोलू शकते? तिच्यासाठी असं काही नाही. 2007 चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. त्यात मुलांकडून पोटगी आहे, फसवून घेतलेली मालमत्ता परत मिळवण्याची सोय आहे, वृद्धांना सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. कलम 19 म्हणतं की राज्य शासन प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांना पुरेल असा निदान एक वृद्धाश्रम स्थापन करू शकेल. 'करू शकेल.' 2018 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की जिल्ह्याजिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत ही माहिती तरी गोळा करा.

2019 च्या डिसेंबरात या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं होतं. ज्येष्ठांच्या निवासगृहांची आणि घरी सेवा देणाऱ्या ब्यूरोंची नोंदणी, त्यांच्यासाठी किमान मानकं, असं बरंच त्यात होतं. स्थायी समितीकडे गेलं, अहवाल आला, पण संमत काही झालं नाही. 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिच्याबरोबर गेलं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पहिल्यांदाच कोणीतरी मुलाच्या कर्तव्यापलीकडे जाऊन सेवा देणाऱ्याच्या जबाबदारीबद्दल लिहिलं होतं.

त्याच 2024 साली महारेराने, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाने, ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना नियमावली लागू केली. दारं किमान 900 मिलिमीटर रुंद हवीत, न घसरणाऱ्या फरशा हव्यात, बाथरूममध्ये धरायला दांडे हवेत, एकाहून जास्त मजले असतील तर लिफ्ट हवी. नियम चांगलेच आहेत. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडतं ते बहुतेक वेळा पडूनच, आणि ते मोडल्यावर पुष्कळ जण पुन्हा पहिल्यासारखे चालू शकत नाहीत. पण हे नियम इमारतीचे आहेत. त्या रुंद दारातून खुर्ची ढकलत नेणारं माणूस आहे का, त्याला कोणी शिकवलंय का, रात्री ते जागं असतं का, हे बघणं महारेराचं काम नाही. ते कोणाचंच काम नाही, हे खरं दुखणं आहे.

या गृहप्रकल्पांबद्दल आणखी एक सांगायला हवं, कारण आपल्या मध्यमवर्गाची सगळी आशा सध्या तिकडे लागलेली आहे. माणूस 68 व्या वर्षी धडधाकट असताना तिथे जातो. सकाळी योगासनं, ग्रंथालय, सहली, गाण्याच्या मैफली. करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही जागा स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांसाठी आहे. मग वयाच्या 79 व्या वर्षी एक झटका येतो. आता 'तुमची तुम्ही बाई ठेवा' असं सांगण्यात येतं, ती ब्यूरोकडून येते, तिची जबाबदारी संस्था घेत नाही, आणि ब्यूरोही घेत नाही. नाहीतर 'तुम्ही आता केअर सेंटरला हलवा' असं सुचवलं जातं. म्हणजे ज्या दिवसासाठी माणूस तिथे गेला, त्याच दिवशी ती जागा त्याची राहत नाही. घर विकताना 'शेवटपर्यंत काळजी' असं म्हणणाऱ्याने शेवट म्हणजे कुठपर्यंत हे करारात लिहिलं पाहिजे, आणि ते लिहायला लावणं हे शासनाचं काम आहे.

तो तक्ता भरणारी मुलगी मला नंतर भेटली. नांदेडकडची, बावीस वर्षांची. ब्यूरोमार्फत आलेली, चोवीस तासांची ड्यूटी, महिन्यातून दोन सुट्ट्या. झोपायला दोन पलंगांच्या मधे एक सतरंजी. शिक्षण म्हणजे तीन दिवस जुन्या मावशीच्या मागे मागे फिरली, तेवढंच. रात्री तिच्याकडे अकरा जण होते, त्यांतले चार पूर्ण पडून. मी चिडूनच विचारलं होतं, सगळे चौकोन आधीच कसे भरलेस? ती खाली बघून म्हणाली, "काकू, खरं लिहिलं तर मोकळे राहतात. मोकळे दिसले की मॅडम पगार कापतात."

मी घरी येऊन हिशोब मांडला. रात्री आठ ते पहाटे चार या वेळेतले पाच चौकोन, चार माणसं, म्हणजे वीस वेळा कूस बदलायची. डायपर पाहून, पुसून, उशी लावून नीट करायचं तर दहा मिनिटं लागतातच, आणि खरं तर त्याला दोन माणसं लागतात. झाले 200 मिनिटं. उरलेल्या सात जणांना रात्रीतून दोनदा लघवीला न्यायचं, तिथेही दहा दहा मिनिटं धरली तर आणखी 140. जवळपास सहा तास न बसता काम, तेही दिवसभर आंघोळी घालून, भरवून, कपडे धुऊन झाल्यावर, आणि उद्या पुन्हा तेच. हे कोणालाही जमणार नाही. तक्ता खोटा होता, पण तो खोटा लिहावा लागेल हे अकरा माणसांना एक बाई ठेवली त्या दिवशीच ठरून गेलं होतं. ती मुलगी आत्याच्या केसांना तेल लावायची, तिला 'माय' म्हणायची. आत्या तिचा हात सोडायला तयार नसायची. जखमेला ती जबाबदार आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून सांगितलं आहे की वृद्धांच्या संस्थांमध्ये काम करणाऱ्या तीनांपैकी दोघांनी, गेल्या वर्षभरात आपल्या हातून कुठल्या ना कुठल्या प्रकारचा छळ झाल्याचं स्वतःच कबूल केलं. तीनांपैकी दोन माणसं क्रूर असतात यावर माझा विश्वास नाही. झोप न मिळालेली, न शिकवलेली, एकटी सोडलेली माणसं अशी वागतात.

माणसं कमी असली की पुढची पायरी ठरलेली आहे. रात्री उठून फिरणाऱ्या आजोबांचा हात ओढणीने पलंगाला बांधायचा. किंवा घरच्यांना फोन करायचा, "फार त्रास देतात हो, डॉक्टरांकडून झोपेची गोळी लिहून आणा." 2025 च्या जूनमध्ये नोएडात एका वृद्धाश्रमावर महिला आयोग आणि पोलिसांनी छापा घातला, तिथे माणसं खोल्यांत कोंडलेली आणि बांधलेली सापडली. आपण ती बातमी वाचून हळहळलो. मनोरुग्णालयात एखाद्याला बांधायचं झालं तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार दुसरा कुठलाच उपाय नसला पाहिजे, मनोविकारतज्ज्ञाची परवानगी लागते, नोंद करावी लागते, जवळच्या माणसाला कळवावं लागतं. वृद्धाश्रमातल्या ओढणीची नोंद कुठे होते?

दाराला कुलूप लावणं हीही तशीच सवय. आजोबा निघून जाऊ नयेत म्हणून रात्री बाहेरून कडी. 2023 च्या एक जानेवारीला पहाटे दिल्लीतल्या ग्रेटर कैलास भागात ज्येष्ठांच्या एका सेवा केंद्राला आग लागली आणि दोन वृद्ध बायका गेल्या. ज्याला स्वतः उठून बसता येत नाही त्याला अग्निशामक सिलिंडरचा काय उपयोग? आग लागली तर अकरा जणांना खाली कोण आणि कसं नेणार, किल्ली कोणाच्या कमरेला असते, याचा सराव केलेली किती ठिकाणं तुम्हाला माहीत आहेत?

ऑस्ट्रेलियात वृद्धांच्या सेवेची चौकशी करायला सरकारने नेमलेला शाही आयोग बसला होता. 2019 च्या त्यांच्या अंतरिम अहवालाचं शीर्षकच एका शब्दाचं होतं: हेळसांड. 2021 मध्ये अंतिम अहवाल आला आणि त्यानंतर तिथे मिनिटं मोजायला लागले. ऑक्टोबर 2024 पासून तिथल्या निवासी केंद्रांत प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला सरासरी 215 मिनिटं सेवा मिळाली पाहिजे, त्यातली 44 मिनिटं नोंदणीकृत नर्सकडून. केंद्रांना दर्जाप्रमाणे तारे दिले जातात आणि ते कोणालाही पाहता येतात. इंग्लंडमध्ये तपासणी आयोगाचा शेरा केंद्राच्या दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. तिथेही वाईट प्रकार घडतात, बातम्या येतात. पण घडलेलं समोर येतं, कोणीतरी उत्तर देतं. मेलबर्न-सिडनीत राहणारी आपली किती तरी मुलं तिथल्या शेजाऱ्याच्या आईचं केंद्र निवडताना हे तारे बघत असतील. स्वतःच्या आईसाठी पुण्यात जागा शोधताना त्यांच्या हाती एक रंगीत पत्रक आणि चालकांचा गोड आवाज, एवढंच असतं.

यावर एक आक्षेप मी मनापासून ऐकते. तालुक्याच्या गावी कोणी निवृत्त शिक्षक, कोणी एखादं मठ-मंदिर, वीस-पंचवीस निराधार म्हाताऱ्यांना देणगीच्या धान्यावर सांभाळत असतात. नियमांचा बडगा आला की अशीच माणसं आधी बंद करतील, पैसेवाले कागदपत्रं रंगवून मोकळे होतील, आणि तपासनीस हप्ता घेऊन जाईल. ही भीती खोटी नाही. म्हणून मला संगमरवराची मानकं नकोत. अशा ठिकाणी पलंग जुने चालतील, खोलीत सहा जण चालतील. रात्री जागं माणूस हवं, आणि ते ठेवायला पैसे नसतील तर शासनाने द्यावेत. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची प्रोवेदोरिया ही सरकारी संस्था आजही वृद्धाश्रम चालवते, म्हणजे हे शासनाचं काम आहे हे मानणारी जागा आपल्या शेजारीच आहे. आणि तपासनीसाचा अहवाल फायलीत राहिला तर हप्ता चालतो. तोच अहवाल दारावर लावला, जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकला, तर येणारा प्रत्येक भाचा आणि प्रत्येक सून तो ताडून पाहते.

पैशांचं म्हणाल तर तोही हिशोब मी केला. रात्रपाळीला आणखी एक मावशी, पगार 18 हजार धरा. अकरा जणांत वाटला तर माणशी महिना साधारण 1,640 रुपये. आम्ही 28 हजार देत होतो. विचारलं असतं तर 29,640 दिले असते. कोणी विचारलं नाही, कारण बाग दिसते आणि रात्रपाळी दिसत नाही.

मी तेव्हा लेखी तक्रार केली नाही. व्यवस्थापक बाईंशी बोलले, आवाज चढवला, पण कागदावर काही दिलं नाही. सहा वाजता मी निघणार होते आणि आत्या तिथेच राहणार होती. हे एका वाक्याचं भय प्रत्येक नातेवाइकाच्या पोटात असतं. म्हणून तक्रार करणाऱ्याच्या भरवशावर ही व्यवस्था सोडून चालणार नाही, न सांगता येऊन तपासणारं कोणीतरी बाहेरचं लागतं. 14567 ही ज्येष्ठांची मदतवाहिनी आहे, ती चांगली आहे, पण जी बोलू शकत नाही आणि जिच्या हाताशी फोन नाही, ती कुठला नंबर लावणार? तीन आठवड्यांनी आम्ही आत्याला घरी आणलं. एअर बेड घेतला, दोन बायका ठेवल्या, माझ्या भावाने नोकरीतून लवकर निवृत्ती घेतली. ज्यांना हे परवडत नाही ते काय करतात, हे मला तेव्हा कळलं. ते पुढच्या रविवारची वाट बघतात.

नव्या केंद्रीय कायद्यासाठी थांबायची गरजही नाही. 2007 च्या कायद्यातल्या त्याच कलम 19 मध्ये वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाची योजना आणि सेवांची मानकं राज्य शासन ठरवू शकेल अशी तरतूद आहे. 1949 चा आपला शुश्रूषागृह नोंदणी कायदा आजारी आणि जखमी माणसांबरोबर दुर्बल झालेल्यांचाही उल्लेख करतो. ज्या 'केअर सेंटर'मध्ये नाकात नळी आणि लघवीला कॅथेटर असलेली माणसं महिनोन्‌महिने पडून असतात, तिथे शुश्रूषा चाललेली नाही असं कोण म्हणेल? त्यांची नोंदणी या कायद्याखाली का होत नाही, हे आरोग्य खात्याने सांगावं. नोंदणी झाली की पहिल्या वर्षी फक्त तीन वह्या मागा: रात्रपाळीला कोण होतं त्याची, कोण कधी पडलं त्याची, आणि महिन्याच्या महिन्याला केलेल्या वजनाची. या वह्या तपासायला मोठा तज्ज्ञ लागत नाही. शाई एकच आहे का, आणि उद्याच्या रात्रीचे रकाने आजच भरलेत का, एवढं बघता आलं तरी सुरुवात होईल.